पाहुण्याचा पाय

बंगळुरातल्या श्रीरामपुरमच्या बसवंतराव घाटग्यांना गिटार वाजवता येते का, याचं उत्तर घरात एक होतं आणि जगात दुसरंच. घरात विचारलंत तर त्यांच्या पत्नी शालनताई घेवडा निवडता निवडता, मान वरही न करता म्हणायच्या, "वाजवतात आपले." वडील आप्पाजी तर एवढंही बोलायचे नाहीत. पण जगात, म्हणजे संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची त्या जगात, बसवंतराव हे बडं प्रस्थ होतं. "बँगलोरच्या बॅसला विचारा," असं तिथली गोरी मंडळी एकमेकांना सांगायची. आजोबांनी हौसेनं ठेवलेल्या नावाचा असा चुरा झालेला, पण बसवंतरावांना त्याच्या गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला सांगा.

हे खूळ शिरलं ते कारखान्यात. बसवंतराव एका सरकारी कारखान्यात इंजिनियर. कधीतरी तिथं यंत्र बसवायला एक अमेरिकन आला होता, तो जाताना एक कॅसेट मागं विसरून गेला. तिच्यात दुसरं तिसरं काही नाही, एक माणूस आणि एक गिटार. हातात प्लास्टिकची तिकोनी चकती, तिला पिक म्हणतात, आणि तेवढ्या चकतीनं तो एकेक तार अशी भराभर छेडत जायचा की मोहरीची फोडणी तडतडावी. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातली नाचाची जुनी गाणी होती ती. बसवंतरावांनी ती ऐकली आणि माणूस कामातून गेला. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं गिटार आणली, बोटांना घट्टे पाडून घेतले, आणि शिकवायला कोणी नाही म्हणून तिथंच अडून बसला. बंगळुरात गिटार शिकवणारे पुष्कळ होते, पण या चालीचं नाव काढलं की ते चमत्कारिक नजरेनं बघायचे.

मग शहाण्णव साली घरात इंटरनेट आलं. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसती अक्षरं. आणि तेवढ्यासाठी घरचा फोन तास तास अडकून पडायचा. पण त्या अक्षरांत बसवंतरावांना आपली माणसं सापडली. ही अशी पिकनं गिटार वाजवणारी मंडळी जगभर विखुरलेली होती आणि त्यांनी टपालाची एक सामायिक सोय केली होती. एकानं लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. गाणी यायची तीही अक्षरांतच. सहा तारांच्या सहा ओळी, आणि कुठल्या तारेवर कितव्या पट्टीवर बोट ठेवायचं त्याचे आकडे. बसवंतराव ते कागदावर छापून घ्यायचे आणि पाठ करायचे. गाण्यांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी घरगुती नावं ठेवली होती. एक 'शेजारणीची कोंबडी', एक 'घसरगुंडी', एक नुसतंच 'मंगळवार'.

आता या माणसानं फुशारकी मारली असं मात्र म्हणू नका. गाणी त्याला खरंच येत होती, अगदी स्वच्छ. शिवाय इंजिनियरचं डोकं. पिक किती जाड असावं, मनगट कुठून हलावं, कोरड्या हवेत गिटारचं लाकूड का तडकतं, यावर तो असं मुद्देसूद लिहायचा की तीस वर्षं वाजवणारे लोकही कागद जपून ठेवायचे. दोन वर्षांत बॅसचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होऊन बसला.

आणि मग अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत डेलचं पत्र आलं. डेल अमेरिकेतल्या केंटकीचा, वयानं बसवंतरावांच्याच आगेमागे, आणि त्या मंडळींत सगळे ज्याला मानतात असा वाजवणारा. कंपनीच्या कामासाठी तो बंगळुरात येणार होता, शहराच्या टोकाला येलहंक्याच्या एका गेस्ट हाऊसमध्ये उतरणार होता. गिटार घेऊन येतो, आपण दोघं वाजवू, असं त्यानं लिहिलं होतं, आणि तेही सगळ्यांना दिसेल असं. लगेच चहूकडून पत्रं. त्या मंडळींची एक रीत होती, दोघं कुठं भेटले की त्या भेटीची हकिगत सगळ्यांना लिहून कळवायची. कोण कसं वाजवतं ते असं जगभर कळायचं.

बसवंतरावांची झोप उडाली. घरात कोणी वाजवणारा म्हणून मोजत नाही, ते त्यांनी कधीच गिळलं होतं. पण डेल लिहिणार होता. डेलनं लिहिलं की बॅस वाजवतो, तर आपण वाजवणारे. आणि त्यानं नाक मुरडलं तर मग दोन वर्षं आपण केलं तरी काय? कागद छापले?

डेल रविवारी संध्याकाळी आला. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला, शालनताईंच्या हातचं थालीपीठ मागून घेऊन खाल्लं. आप्पाजींशी तो अदबीनं बोलला. आप्पाजींना इंग्रजी स्वल्पच यायचं, पण त्यांनी ओळखलं की माणूस भला आहे. पांढरं धोतर नेसून ते समोरच्या आरामखुर्चीत येऊन बसले. मुलाची गिटार ऐकायला आप्पाजी आजवर कधी बसले नव्हते. ते बघून बसवंतरावांनी लावलेल्या तारा पुन्हा एकदा लावून घेतल्या.

दोघं चटईवर बसले आणि बसवंतरावांनी 'शेजारणीची कोंबडी' सुरू केली. डेलनं खाली साथ धरली, धम-चक, धम-चक, खर्जाची एक तार आणि वर एक झटका. बसवंतराव दचकले. या गाण्याखाली असलं काही असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या कॅसेटमध्ये ते नव्हतं आणि कागदांवरही कधी आलं नव्हतं. ते तर सगळ्यांना येतंच म्हणून कोणी लिहिलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि गाणं पुढं रेटलं. पहिलं आवर्तन, दुसरं, मग पाठ केलेले सगळे पलटे एकामागून एक. पलटे संपले तेव्हा ते थांबले. डेलची बोटं कधीची वरच्या तारांवर येऊन वाट बघत बसलेली, ती त्यानं मुकाट्यानं खाली घेतली. "छान," तो म्हणाला.

मग डेलनं एक सुरू केलं. काय हात होता! एक आवर्तन झालं आणि त्यानं बसवंतरावांकडं बघून मान हलवली. बसवंतराव खूश झाले. आपल्याकडं बैठकीत वाजवणारा असं बघून मान हलवतो ते, कशी घेतली जागा, एवढंच सांगायला. त्यांनीही मान हलवून दाद दिली. "वा," म्हणाले. डेल थोडा गोंधळला, पण त्यानं आणखी एक आवर्तन घेतलं. पुन्हा मान. पुन्हा इकडून मान, वा. पाहुणा वाजवत असताना मध्ये तोंड घालायचं ही कुठली रीत? बसवंतराव गिटार मांडीवर आडवी ठेवून तन्मय होऊन ऐकत राहिले. डेल वाजवतोय, मान हलवतोय, हे मान हलवताहेत. माणसाच्या कपाळावर घाम आला, सदरा पाठीला चिकटला, तरी गाणं काही थांबेना. हा थांबत का नाही, हेच बसवंतरावांना कळेना.

आणि मग डेलनं उजवा पाय उचलला. मांडी घातलेली सोडली आणि तो लांबलचक पाय सरळ पुढं करून हवेत धरला. समोर आप्पाजी होते. ज्या घरात लहान पोरसुद्धा थोरांकडं पाय करून बसत नाही, त्या घरात एका धिप्पाड माणसाचा मोजा घातलेला तळपाय आप्पाजींच्या तोंडासमोर उभा राहिला. डेलच्या चेहऱ्यावर राग नाही, मस्करी नाही, काही नाही. तो आपला वाजवतोय.

आप्पाजी उठले आणि आत गेले.

गाणं लगेच संपलं. डेलनं पाय खाली घेतला आणि जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणाला, "आता तू घे एक." बसवंतरावांच्या डोक्यात नुसता कालवा. याला पायात गोळा आला का? की हा मुद्दाम करतोय? इतका भला माणूस असं करील का? हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी 'मंगळवार' सुरू केलं, भलत्याच वेगात. डेलनं बिचाऱ्यानं धावत धावत साथ धरली. फिरून फिरून गाणं तेच, कारण थांबायचं कुठं याचं बसवंतरावांना भानच उरलं नव्हतं. डेलनं त्यांच्याकडं बघितलं, थोडा थांबला, आणि पुन्हा तोच पाय. या खेपेला तर त्यानं तो हलवूनही दाखवला.

बसवंतरावांनी तारांवर हात ठेवला. "पाय खाली घे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं घर आहे हे."

डेल कानापर्यंत लाल झाला. त्यानं पाय ओढून घेतला, माफ कर म्हणाला, आणि कशाबद्दल माफी मागतोय हे त्यालाही ठाऊक नाही हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. सकाळी लवकर काम आहे, असं काहीतरी पुटपुटत त्यानं गिटार पेटीत ठेवली. शालनताईंनी बांधून दिलेला लाडवाचा डबाही तो विसरून गेला.

"गोळाच आला असणार पायात," शालनताई म्हणाल्या. "मांडी घालायची सवय नसते त्यांना."

"दोनदा? आणि गाणं चालू असताना?"

"मग विचारायचं होतं ना अहो. एवढा लांबून आलेला माणूस."

आप्पाजींनी जेवताना एवढंच म्हटलं की माणूस वाजवतो चांगलं, घरचं वळण नसेल. बसवंतराव अर्ध्या ताटावरून उठले. रागावावं तर कशावर, आणि वाईट वाटून घ्यावं तर कशाचं, काही सुधरेना.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावरून आले की आधी संगणकापाशी. डेलची हकिगत आली का? नाही आली. बाकीचे विचारत होते, काय झालं, कसा वाजवतो बॅस, सांगा की. डेलकडून अक्षर नाही. तो वाईट लिहील याची बसवंतरावांना भीती होती. तो काहीच लिहिणार नाही हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एखाद्याबद्दल सांगण्यासारखंच काही नसेल तर माणूस काय लिहिणार? शेवटी शुक्रवारी त्यांना राहवेना. नाव कोणाचं न घेता त्यांनी सगळ्यांना एक साधा प्रश्न लिहिला. तुमच्याकडं वाजवता वाजवता कोणी पाय उचलला, तर त्याचा अर्थ काय?

तासाभरात उत्तरांचा पाऊस पडला, आणि सगळी हसणारी. अरे बॅस, थट्टा करतोस का? हात दोन्ही अडकलेले, गाण्यात बोलता येत नाही, म्हणून पाय उचलायचा. हे शेवटचं आवर्तन, यानंतर थांबू या. एवढाच अर्थ. आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

ओहायोतल्या एका म्हातारबाईनं मात्र सविस्तर लिहिलं होतं. पायाचं तसं, मानेचंही असतं. एकाचं आवर्तन झालं की तो दुसऱ्याकडं बघून मान हलवतो, म्हणजे आता तुझी पाळी, तू वाजव, मी साथ करतो. एखाद्यानं एकदा नाही घेतली पाळी तर समजावं, लाजतोय. पण दर वेळी नाकारली तर समोरचा काय ते समजतो, की याला माझ्याबरोबर वाजवायचं नाही. असं करू नये कोणी, फार लागतं माणसाला. आणि खाली तिनं सहज विचारलं होतं. बॅस, तू एरवी कोणाबरोबर वाजवतोस?

बसवंतराव त्या ओळीकडं बघत बसले. पाठीमागून शालनताई म्हणाल्या, "फोन सोडताय का? अक्काला करायचाय."

"शालन, मी कोणाबरोबर वाजवतो गं?"

"कोणाबरोबर म्हणजे? तुम्ही एकटेच तर वाजवता."

त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती, म्हणूनच ते इतकं लागलं. दोन वर्षं जगाला शिकवणाऱ्या या माणसानं डेल येईपर्यंत कोणाशेजारी बसून एक गाणंही वाजवलं नव्हतं. आणि ज्या डेलच्या एका शब्दाची तो भिकाऱ्यासारखी वाट बघत होता, त्या डेलला त्यानं आपल्या घरी बोलावून, थालीपीठ खाऊ घालून, तुझ्याबरोबर वाजवायचं नाही असं पुन्हा पुन्हा मान हलवून सांगितलं होतं. वर हसून वा म्हटलं होतं. 

डेल शनिवारी रात्रीच्या विमानानं जाणार होता. शनिवारी दुपारी बसवंतराव गिटार आणि तो राहिलेला लाडवाचा डबा घेऊन निघाले. येलहंका म्हटल्यावर रिक्षावाल्यानं 'आगल्ला', जमणार नाही, म्हणून तोंड फिरवलं, मग मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर जाऊन बस धरली, आणि गिटार उभी मिठीत धरून ते त्या गर्दीत येलहंक्यापर्यंत उभे राहिले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा विसरले.

डेल गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसला होता, बॅग भरून. यांना बघून तो उभा राहिला आणि त्यानं खाली बघत पाय जुळवून घेतले. ते बघून बसवंतरावांना अगदी भरून आलं. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाय, आप्पाजी, मान, दाद, आपल्याकडची बैठक, ओहायोची म्हातारबाई. इंग्रजी वाक्यं एकमेकांत अडकत गेली. डेल ऐकत राहिला, आणि मग मटकन खुर्चीत बसला.

"मला वाटलं, माझं वाजवणं तुला पसंत पडलं नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं तुझी पत्रं वाचत होतो. तुझ्या घरी येताना मी घाबरलो होतो, बॅस. आणि माझ्या गाण्यात तू हातच लावला नाहीस गिटारला. घरी जाऊन काय लिहू? की मी पाळी देत राहिलो आणि बॅसनं ती घेतलीच नाही?"

"तू घाबरला होतास?" बसवंतराव म्हणाले. त्यांना हसावं की रडावं ते कळेना.

डेलनं गिटार काढली. त्यानं मुद्दाम 'शेजारणीची कोंबडी'च घेतली, हळू लयीत. आवर्तन झालं आणि त्यानं मान हलवली. आता माहीत होतं, तरी बसवंतराव चुकले. आपल्या खोलीत गाणं आपण बसू तेव्हा सुरू व्हायचं. इथं ते आधीच चाललेलं, धावत्या गाडीत चढायचं तसं. ते उशिरा शिरले, पट्टी चुकले, बाहेर फेकले गेले. डेल खाली धम-चक धरून थांबला. घाई नाही, तोंडावर काही नाही, नुसता थांबला. बसवंतराव पुन्हा शिरले, आणि या वेळी आत राहिले.

मग पाळी डेलकडं गेली, आणि बसवंतरावांचा हात जागीच थिजला.

"साथ दे," डेल म्हणाला.

"मला येत नाही."

मनगट कुठून हलावं हे अर्ध्या जगाला सांगणाऱ्या बॅसचे हे शब्द होते. डेल हसला नाही. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि खर्जाची तार आणि वरचा झटका करून दाखवला, पोराला पाटीवर गिरवायला द्यावं तसा. बसवंतरावांनी गिरवला. बराच वेळ गिरवला. मग डेलनं वर गाणं धरलं, आणि बसवंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं गाणं बाहेरून ऐकलं. रोजचं, पाठ असलेलं, पण आता ते त्यांच्या हाताखालून वर चाललं होतं आणि दुसराच कोणी ते वाजवत होता. त्यांचा हात जरा ढिला पडला की गाणं डगमगायचं, सावरला की सावरायचं. डेलनं पाळीसाठी मान हलवली तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितलं, तू वाजव. डेलला ते बरोबर कळलं आणि तो वाजवत राहिला. इतका आनंद बसवंतरावांना गिटारनं आजवर दिला नव्हता. मग गाडी आली. डेलनं त्यांना मिठी मारली, लाडवाचा डबा या खेपेला नीट बॅगेत ठेवला, आणि गेला.

सोमवारी डेलची हकिगत आली असणार. बसवंतरावांनी संगणक उघडला नाही. संध्याकाळी ते चटईवर बसले आणि धम-चक, धम-चक करत राहिले. तेवढंच, वर काही नाही. आप्पाजी खुर्चीत पेपर वाचत होते. शालनताई कणीक मळता मळता बाहेर आल्या आणि थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"आज हे असं काय? गाणं कुठं गेलं?"

"ते डेल वाजवतो," बसवंतराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात मात्र त्यांनी थांबवला नाही.